रिकाम्या गावाची मोजणी

“मौजे पोयवे. पर्यटक-निवासाची गरज : शून्य खाटा.”

हे वाक्य मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचलं. शून्यच होतं. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, शून्य ओळखायला मला चष्मा लागत नाही. पण माणसाची आशा मेली चिवट असते.

पत्राच्या शेवटी सूचना होती. पर्यटकांना ठेवण्याची परवानगी रद्द, तीस दिवसांत पाटी उतरवावी. पाटी म्हणजे माझ्या फाटकावरची, ‘पाताडे बाईंचं घर. राहण्याची व न्याहारीची सोय’. ती ह्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. केतकी, माझी मुलगी, पुण्याला. चार खोल्यांत पाहुणे येतात म्हणून घरात माणसाचा आवाज असतो. उगाच कशाला खोटं बोलू? पाहुणे नसते तर मी भिंतींना पाढे म्हणायला लावले असते.

पत्र आलं तेव्हा नागपूरचे भुसारी नवरा-बायको पडवीत बसून घावणे खात होते. चार वर्षं न चुकता येणारी माणसं.

“काय झालं हो बाई? चेहरा का उतरला?” भुसारींनी विचारलं.

“काही नाही. सरकार म्हणतंय, तुम्ही इथे बसलेले नाही आहात.”

ते हसले. मला हसू आलं नाही. माझं डोकं फिरलं होतं.

हे पत्र पाठवणाऱ्या यंत्राचं नाव अदमास. त्याच्याबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दहा वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावर ज्याला वाटेल तो वाटेल तिथे हॉटेल बांधत होता. समुद्राकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असावी तसं. वरून हळूहळू काढलंत तर पुरतं. भसाभस उपसलंत की खालचं खारं वर चढतं आणि विहीर कायमची बाद. शेजारच्या आंगोलीत अशा अकरा विहिरी बाद झाल्या. मग किनारा निवास प्राधिकरण निघालं आणि त्यांनी अदमास बसवला.

अदमास रोज रात्री किनाऱ्यावरची माणसं मोजतो. फोन कुठे आहेत ते बघतो, विजेचे आणि पाण्याचे मीटर वाचतो, उपग्रहातून दिवे आणि जमिनीवरची ऊब टिपतो. जिथे खाटा आहेत पण निजणारं कोणी नाही, तिथल्या खाटा जादा. जिथे माणसं निजलीत पण खाटा नाहीत, तिथे गरज. त्यावरून पुढच्या वर्षांत कुठे किती पाहुणे येतील ते काढतो आणि गावागावाला खाटांचा आकडा वाटून देतो. दर तीन वर्षांनी नवा आकडा. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्याला तो सगळ्यात जास्त वजन देतो, कारण गर्दीतच टंचाई कळते. मांडणीत खोट काढायला जागा नव्हती. मी स्वतः तपासली होती.

आणि माझ्याच पायावर धोंडा कसा पडला ते ऐका. अदमास यावा म्हणून गावागावांतून सह्या गोळा करणारी मीच. निवेदनातलं वाक्यही माझंच, “या आकड्याला माणसाचा हात लागू नये.” कारण तोवर ज्याचा वशिला त्याला परवानगी असाच कारभार होता. केतकी तेव्हा नुकतीच अदमासाच्या कामावर लागली होती. पहिला आकडा आला, पोयवे बासष्ट खाटा. गावच्या विहिरीवरून मी हिशेब मांडला होता, तोही बासष्टच. आनंदानं मी अख्ख्या शाळेत खाजा वाटला होता.

त्या बासष्टाचं शून्य कसं झालं? मी प्राधिकरणाकडून रोजच्या मोजणीचा आलेख मागवला आणि शिसपेन्सिल घेऊन बसले. वर्षभर पोयव्याची रेघ सरळ. तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मात्र सलग तीन रात्री रेघ तळाला टेकलेली. माणसं शून्य, वीज शून्य, पाणी शून्य. आणि त्याच तीन रात्री शेजारच्या आंगोलीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, सोळाशे चाळीस माणसं निजलेली. खाट एकही नाही.

मी कपाळावर हात मारून घेतला. गावपळण!

तुम्ही घाटावरचे असाल तर सांगायला हवं. दर तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात आमचा अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातो. म्हातारी, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून सड्यावर झावळ्यांच्या झोपड्या बांधतात, चुली मांडतात, भजनं करतात. गाव पार रिकामा. का, विचाराल तर प्रत्येक जण वेगळं सांगेल. दाजी घाडी, जे देवाला गाऱ्हाणं घालतात, ते म्हणतात, गाव माणसांचा तसा देवाचाही, त्याला तीन दिवस सोडावा. मी देव मानते तो बेतानंच. पण त्या तीन दिवसांत मी कधी गैरहजर राहिलेली नाही.

आणि त्या शहाण्या यंत्रानं काय अर्थ काढला? पोयव्यात ऐन गर्दीत कुत्रंही फिरकत नाही, सबब खाटा शून्य. सड्यावर मात्र सोळाशे चाळीस पर्यटक जागेअभावी उघड्यावर निजतात, सबब तिथे सातशे खाटा मंजूर. एका कंपनीनं सड्यावर खांबही रोवले होते. म्हणजे माझी पाटी गेलीच, वर पुढच्या गावपळणीला जायला गावाला जागा उरणार नाही.

मी तडक जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. प्राधिकरणाच्या कचेरीत चाळिशीचे एक साहेब होते. अगदी सभ्य. सभ्य माणसाशी भांडणं फार कठीण हो.

“आकडा बदलता येत नाही, मॅडम.”

“चुकीचा असला तरी?”

“चुकीचा आहे हे कोण ठरवणार?”

“मी ठरवते. त्या तीन रात्री मी तिथे होते. माझी म्हैस तिथे होती. तुमचं यंत्र होतं का?”

“तुम्ही म्हणजे माणूस झालात ना,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर एक जुना कागद उघडला. माझंच निवेदन. माझी वळणदार सही. “माणसाचा हात लागू नये, हे कलम तुमच्याच मागणीवरून आलंय.”

पाणी प्यायले, मग विचारलं, “जत्रा-यात्रांसाठी काही सोय असेल ना?”

“आहे ना. सहा महिने आधी तारीख नोंदवायची. त्या रात्री अदमास वगळतो.”

“आमची तारीख देवाच्या कौलानं ठरते. आठ दिवस आधी कळते.”

“मग ती यात्रेत बसत नाही. अनियमित वर्तनात बसते.”

शेवटी एकच वाट निघाली, फेरमोजणी. ती एकदाच मागता येते. येत्या डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा अदमास पुन्हा मोजणार. त्यातल्या एकाही रात्री पोयवे शून्य दिसलं तर अपील कायमचं फेटाळलं. शून्य दिसलं नाही तर पाटी शाबूत आणि सड्याच्या खाटा रद्द. मी सही केली. बसमध्ये बसल्यावर बोटांवर वर्षं मोजली. गावपळणीचं तिसरं वर्ष हेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी घाडींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभी राहिले. दाजी बहात्तर वर्षांचे, वाळलेल्या खारकेसारखे. सुपारी कातरत होते.

“दाजी, ह्या वर्षाची पळण जानेवारीत घेवक जमात काय?”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “बाये, देवाक आगाऊ तारीख मागतंस? तो काय दवाखान्यातलो नंबर असा?”

“नायतर सड्यार हॉटेल येतलां. मगे पुढच्या खेपेक जातलास खय?”

“देव सांगतलो थंय.”

“आणि देवान डिसेंबर सांगल्यान तर?”

“तर डिसेंबर.”

असं म्हणून त्यांनी माझ्या पुढ्यात अर्धी सुपारी ठेवली. वर्गात असते तर बाकावर उभं केलं असतं. पण दाजींना कोण उभं करणार? चरफडत घरी आले.

दिवाळीला केतकी आली. मी नारळ खवत होते आणि ती माझ्यासमोर पाटावर बसली होती. पत्र आल्यापासून फोनवर आमचं रोज वाजत होतं.

“तुझ्या त्या अदमासाला अक्कल आहे का गं?” मी सुरुवात केली.

“आई, तो चुकला नाही. त्या रात्री गावात खरंच कोणी नव्हतं. आणि सड्यावरच्या माणसांच्या डोक्यावर खरंच छप्पर नव्हतं.”

“झावळ्यांचं होतं.”

“ते त्याला दिसत नाही.”

“मग दाखव ना त्याला! तू तिथे काय हळदी-कुंकवाला जातेस?”

“मी एक ओळ बदलली तर नोकरी जाईल, आणि उद्या प्रत्येक जण आपल्या गावासाठी एकेक ओळ बदलायला येईल. हे तूच मला शिकवलंस ना? उत्तर आवडलं नाही म्हणून गणित खोडायचं नाही.”

माझंच वाक्य. आपण शिकवलेलं आपल्यावरच उलटतं तेव्हा फार लागतं. मी नुसती खवत राहिले. करवंटीपर्यंत गेले तरी थांबले नाही.

मग केतकी खाली बघत म्हणाली, “तसं अदमासाला माणूस दिसतो तो फोनमुळे. घरच्या फोनांवरून तो पोरंबाळंही त्यातच धरतो. नुसती ऊब दिसते, पण जवळ फोन नसलेली ऊब तो गुरांत धरतो. चूल असली तर शेतात राब भाजताहेत असं समजतो.” ती उठली. “मी काही बोलले नाही.”

“मी काही ऐकलं नाही,” मी म्हणाले.

कौल झाला. देवाच्या पाषाणाला फुलांचे भिजवलेले कळे लावतात. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. उजवा पडला. पळण एकवीस डिसेंबरपासून. देवाचं आणि माझं गणित कधी जुळलेलंच नाही.

मी कंबर कसली आणि घरोघर फिरले. म्हणणं एवढंच, जा सगळे, पण फोन घरी ठेवून जा, चालू. आणि एकेक दिवा पेटता ठेवा, म्हणजे वीजही दिसेल. शाळेतले माझे जुने विद्यार्थी आता बाप झालेले, तरी कुरकुरले. “बाई, तीन दिवस फोनाशिवाय? मरतलों आमी!”

“मेलास तर तेराव्याक येतंय. फोन ठेव.”

दिव्याचं मात्र दाजींनी ऐकलं नाही. “घरात दिवो पेटतो ऱ्हवलो म्हणजे माणूस असा. ती देवाची फसवणूक. ता जमाचां नाय.”

“आणि फोन?”

त्यांनी सुपारी तोंडात टाकली. “फोन काय माणूस न्हय. ऱ्हवांदेत घरात.”

त्या तीन दिवसांसारखे दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत. पहिला दिवस पोरं खिसे चाचपत होती. दुसऱ्या दिवशी कबड्डीचे डाव पडले. तिसऱ्या दिवशी सुहास, दाजींचा मुलगा, जो एरवी बापाशी शब्द बोलत नाही, तो बापाच्या शेजारी बसून टाळ वाजवत होता. कंपनीच्या खांबांना लोकांनी म्हशी बांधल्या. माझा राग कुठे गेला कळलंच नाही. वाटलं, जिंकलो.

फाल्गुनात पत्र आलं. पाकीट पायरीवरच फोडलं.

“मौजे पोयवे. पर्यटक-निवासाची गरज : दोन हजार शंभर खाटा. वर्ग : आदर्श शाश्वत पर्यटन ग्राम.”

मी केतकीला फोन लावला.

“आई, तुम्ही दिवे बंद ठेवलेत?”

“दाजींनी ठेवायला लावले.”

“पाणीही वापरलं नाहीत. म्हणजे अदमासाला काय दिसलं सांगू? ऐन गर्दीत, सोळाशे चाळीस माणसं तीन दिवस एका गावात राहिली. एकही जण बाहेर पडला नाही, इतकी रमली. आणि त्यांनी एक युनिट वीज जाळली नाही, एक थेंब पाणी उपसलं नाही. भार शून्य आणि मुक्काम पूर्ण. असं गाव त्यानं जगात पाहिलेलं नाही गं! असल्या गावात हवे तेवढे पाहुणे ठेवता येतील असं त्याला वाटणारच.”

“अगं पण मेली विहीर बासष्ट खाटांची आहे!”

“ते मला कळतं. त्याला सांगायला तुम्ही जागा ठेवली नाहीत.”

सड्याच्या सातशे खाटा रद्द झाल्या होत्या. खांब काढून तीच कंपनी त्याच आठवड्यात पोयव्यात आली. घरमालकानं खोल्या बांधायच्या, पाहुणे आणायचे आणि सांभाळायचे कंपनीनं. ग्रामसभेत नारळ देऊन माझा सत्कार केला. नारळ! मी फळ्यावर विहिरीचं गणित मांडलं. एवढे लिटर येतात, एवढे उपसाल, अमुक वर्षाच्या वैशाखात पाणी खारं होईल. पोरंबाळं ऐकतात तसं सगळ्यांनी मुकाट ऐकलं.

मग सुहास उठला. “बाई, आकडो तुमीच आणलास. आता तुमचीच पाटी ऱ्हवांदे म्हणतास? आमी काय नुसते तुमच्या पावण्यांक शहाळी सोलून देवची?”

खरंच, माझी पाटी होती, त्यांची नव्हती. दाजी कोपऱ्यात बसले होते. ते माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं होतं. ते बोलले नाहीत. त्यांच्या घरावर बारा खोल्या चढायच्या होत्या.

मी हरकत लिहिली. सगळं कबूल केलं. फोन मी ठेवायला लावले, गाव रिकामा होता, दोन हजार शंभर हा आकडा खोटा आहे. केतकीचं नाव कुठेही घातलं नाही. उत्तर चार दिवसांत आलं. हरकतदार एक, लाभार्थी सोळाशे चाळीस. शिवाय आकड्याला माणसाचा हात लागू नये या नियमानुसार आपलं निवेदन विचारात घेता येत नाही.

कागद चुलीत घातला. पण प्रकरण तिथे संपलं नाही. अदमासाला फोनाशिवाय माणूस दिसत नाही, हे पोयव्यातल्या रिटायर बाईला कसं कळलं, असा प्रश्न पुण्यात कोणीतरी विचारलाच. केतकीला त्या कामावरून उचललं आणि पाण्याच्या मीटरांच्या तक्रारी ऐकायला बसवलं.

“मला एकदा विचारायचं तरी होतंस,” ती म्हणाली.

“तुझं नाव नव्हतं घातलं.”

“पाताडे आडनाव किती जणांचं आहे गं तिथे?”

त्यानंतर सात महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी रोज फोन करायची, ती उचलायची नाही. मुलीचं चुकलं नव्हतं, म्हणून तर जास्त जीव जळायचा.

तीन वर्षं गेली. खळी गेली, तिथे खोल्या आल्या. माड गेले, तिथे गाड्या लागल्या. विहीर मी सांगितलेल्या वर्षाच्या आधीच्याच वैशाखात खारी झाली. माझ्या हिशेबात एवढीच चूक निघाली. टँकर यायला लागले. माझ्या चारच खोल्या राहिल्या, आणि भुसारी मंडळी यायची थांबली. “गर्दी फार झाली हो बाई,” म्हणाली.

मग पुन्हा मार्गशीर्ष आला. दाजी आता पंच्याहत्तरचे. देवाला कौल लावला, आठ दिवस आधी, नेहमीसारखा. पळण बावीस डिसेंबरपासून. खोल्या मात्र तीन-तीन महिने आधीच भरलेल्या. पाहुणा ऐन वेळी नाकारला तर पुढच्या वर्षीची परवानगी जाते, असा नियम. मी माझ्या चारही खोल्यांच्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं, येऊ नका, आमचा गाव बाहेर जातोय. गेली परवानगी तर गेली, खड्ड्यात गेली. बाकीच्यांनी काय केलं? कंपनीच्या माणसांच्या हाती किल्ल्या दिल्या, पाहुण्यांना घरात ठेवलं आणि आपण गाठोडी घेऊन व्हाळ ओलांडला.

“दाजी, ह्या बरोबर न्हय,” मी वेशीवर म्हटलं. “गाव रिकामो खय झालो?”

“आपली माणसा भायर पडली मां?” दाजी म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

या खेपेला फोन सगळ्यांच्या हातात होते. टँकर, चादरी, पाहुण्यांच्या तक्रारी, सगळं सड्यावरून सांभाळायचं होतं. कबड्डी झाली नाही. भजनाला अकरा माणसं. तिसऱ्या दिवशी केतकी आली, पाठीला पिशवी लावून, न सांगता. तिनं माझ्या चुलीत लाकूड सारलं. मी तिच्या पानात जास्तीचा भात वाढला.

चौथ्या दिवशी परतीचा कौल. देवानं हो म्हटल्याशिवाय गावात शिरायचं नाही. दाजी आणि मानकरी देवळात गेले, गाऱ्हाणं घातलं, कळे लावले. उजवा पडला नाही, डावाही पडला नाही. कळे तसेच चिकटून. दुपारी परत आले. पाचव्या दिवशी तेच. सहाव्या, सातव्या, आठव्या दिवशीही तेच. पाण्याचा दोष असेल, कोणी म्हणालं. खाऱ्या पाण्यानं कळे जास्त चिकटतात. नवव्या दिवशी दाजी परतले ते काठी टेकत, आणि येऊन माझ्या झोपडीपाशी बसले.

“बाये, तुझा बरोबर होता,” ते म्हणाले. “गाव भरलेलो असा. रिकामोच नाय झालो, तर परत या असा देव कसो सांगतलो?” आणि बहात्तराव्या वर्षी मला सुपारीनं गप्प करणारा तो माणूस पंच्याहत्तराव्या वर्षी माझ्यासमोर डोळे पुसायला लागला. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. माझाच आला.

व्हाळापलीकडे आमची घरं दिसत होती. ऊन उतरत होतं. गच्च्यांवर परक्या माणसांचे टॉवेल वाळत होते, गाणी लागली होती. सोळाशे चाळीस माणसं या कातळावर बसून आपापल्या घरातली गाणी ऐकत होती.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. माझाही वाजला. अदमास होता.

“आपण सलग आठ रात्री उघड्यावर मुक्कामी आहात. या भागात निवासाची मोठी गरज आढळली असून नवीन खाटांचा प्रस्ताव तयार होत आहे. तोपर्यंत आपल्यासाठी सर्वांत जवळची रिकामी जागा : पाताडे बाईंचं घर, पोयवे. चार खोल्या. अंतर दीड किलोमीटर. न्याहारीची सोय. घ्यायची का?”

मी ते मोठ्यानं वाचलं. केतकी आधी हसली, मग तिनं तोंडावर हात दाबला.

“आई, तू घेतली नाहीस तर दुसऱ्याला देईल. संध्याकाळपर्यंत भरेल.”

“आणि मी घेतली तर?”

“तर ती मागणी धरेल. पुढच्या खेपेला पोयव्याच्या खाटा अजून वाढतील.”

म्हणजे दाबलं तरी गाव भरणार आणि न दाबलं तरी गाव भरणार. आयुष्यभर पोरांना सांगत आले, प्रत्येक गणिताला उत्तर असतं. मी दाजींकडे पाहिलं, मग पलीकडे माझ्या घराकडे. सगळ्या गावात तेवढं एकच घर मिटलेलं, अंधारं, देवाच्या वाटणीचं होतं. फाटकावर ह्यांच्या हातची पाटी.

मी चारही खोल्या माझ्याच नावावर घेतल्या.

“अभिनंदन,” अदमास म्हणाला. “आपलं पोयव्यात स्वागत आहे. किती वाजता पोचाल?”

“सांग मेल्याला,” मी केतकीला म्हणाले, “कौल झाला की.”

तिनं खरंच तसं लिहिलं. अदमासानं उत्तर दिलं की ही वेळ ग्राह्य धरता येत नाही, कृपया तारीख निवडा. मी फोन पालथा ठेवला आणि चुलीवर भाताचं आधण चढवलं.